गोबर गॅसची विहीर

माझ्या धाकट्या दिरांना त्यांच्या गोबर गॅसचा फार अभिमान होता. सोनईच्या आमच्या मळ्यात, गोठ्याच्या मागे, सासऱ्यांनी तो बांधून घेतला होता. जमिनीत विहिरीसारखा गोल, विटांनी बांधलेला खोल खड्डा, त्यात शेणकाला, आणि त्यावर पालथी घातलेली मोठी लोखंडी टाकी. गॅस साठला की ती टाकी हळूहळू वर यायची, स्वयंपाक झाला की खाली बसायची. घरात सगळे त्याला 'गॅसची विहीर' म्हणत. सासरे गेल्यावर गावातल्या बहुतेकांनी आपापले गोबर गॅस बंद केले, सिलिंडर घेतले. दिरांनी मात्र तो चालू ठेवला. पाहुणा आला की चहाआधी त्याला गोठ्यामागे नेऊन टाकी दाखवायचे.

आम्ही नगरला, सावेडीत राहतो. माझा नवरा मोठा भाऊ. आम्ही बंगल्याच्या गच्चीवर विजेसाठी सोलर बसवलं आणि पुढे विजेवर चालणारी गाडी घेतली, तेव्हा दोघा भावांची चेष्टामस्करी सुरू झाली. दीर म्हणायचे, "दादा, तुमचं ऊन दिवस मावळला की संपतं. आमच्या म्हशी झोपेत पन गॅस बनवत्यात." नवरा म्हणायचा, "मग तुझ्या म्हशीला चाकं लाव आणि ये नगरला." सासूबाई हसायच्या. जाऊ भाकरी थापता थापता आतून म्हणायची, "शेन कालवतं कोन, ते पन सांगा की!"

मी हे सगळं मुद्दाम सांगतेय. त्या विहिरीची आम्हाला कुणालाच भीती नव्हती. मुलं लहान असताना तिच्या कट्ट्यावर बसून आंबे खायची. वास यायचा, पण तो शेणाचा वास, म्हणजे घरचाच.

लोखंडी टाकी गंजली होती. एका बाजूने गॅस फुसफुसत बाहेर पडायचा. म्हणून त्या उन्हाळ्यात दिरांनी नवी फायबरची टाकी आणली. जेसीबी बोलावून जुनी टाकी उचलून बाजूला ठेवली आणि पंप लावून वरचा पातळ काला शेतात सोडला. तळाशी मात्र वर्षानुवर्षांचा घट्ट गाळ राहिला. तो काढल्याशिवाय नवी टाकी बसवायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. खड्डा बरेच दिवस तसाच उघडा होता.

आम्ही राहात्याला एका लग्नाला गेलो होतो. तिथून घरी न जाता मुक्कामाला सोनईला आलो. नवऱ्याने ओसरीवरच्या प्लगला गाडी लावली, पण वीज गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. गाडी अर्धवटसुद्धा चार्ज झाली नव्हती. "दुपारी निघू," नवरा म्हणाला, "तोपर्यंत येईल लाईट." घाई कुणालाच नव्हती.

सकाळच्या न्याहारीनंतर दिरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि फावडं घेतलं. मी चहाचे कप गोळा करत होते. मी विचारलं, "भाऊजी, आत उतरताय? गॅस असेल ना?"

"वहिनी, टाकी काढून किती दिवस झालं. गॅस कवाच उडून गेला. आता नुसता चिखल हाय."

मलाही ते पटलं. वर मोकळं आकाश होतं, खड्ड्याला छप्पर नव्हतं. उघड्यावरचा गॅस राहील कशाला? मी कप विसळून, गंमत म्हणून, त्यांच्यामागे गोठ्याकडे गेले. त्यांनी लोखंडी शिडी आत सोडली आणि उतरले. गाळ त्यांच्या गुडघ्याच्या खाली होता. त्यांनी वर बघून हात केला. मग फावड्याने गाळाची वरची साय फोडली.

बुडबुडे आले. मोठे, काळे, आळसावल्यासारखे. आणि सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की मी मागे सरले.

"वहिनी, नाक धरा," ते खालून म्हणाले, "लई घान सुटली. दादाला म्हनावं, सोलरला असला वास..."

वाक्य तिथेच थांबलं. ते हसत असतील म्हणून मी वाट पाहिली. मग पदर नाकाला लावून पुढे वाकले. दीर गाळात बसले होते. पाठ भिंतीला टेकलेली, हनुवटी छातीवर, फावडं बाजूला उभंच. दमून क्षणभर टेकलेला माणूस बसतो, अगदी तसे. मी हाक मारली. पुन्हा मारली. त्यांची मान हलली नाही.

माझ्या तोंडून काय आवाज निघाला मला माहीत नाही. नवरा गोठ्यापलीकडच्या लिंबाखाली मोबाईल बघत बसला होता. तो धावत आला, आत पाहिलं आणि शिडीकडे वळला.

त्या क्षणी मला काय आठवलं, ते मी नंतर अनेकांना सांगायचा प्रयत्न केला आहे. पेपरात मधूनमधून एक बातमी येते. गाव वेगळं असतं, टाकी वेगळी असते, बातमी तीच. एक जण आत उतरला. तो वर येईना म्हणून त्याचा भाऊ उतरला. तो येईना म्हणून शेजारी. मी ती बातमी वाचून पान उलटणारी बाई. पण 'वाचवण्यासाठी उतरलेला भाऊ' हे शब्द त्या वेळी डोळ्यांसमोर छापल्यासारखे उभे राहिले, आणि तो भाऊ माझ्या समोर शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय टाकत होता.

मी त्याला मागून धरलं. कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि मागे बसले. तो माझ्यावर पडला. तो उठला तर मी त्याचा पाय धरला.

"सोड!"

"नको रे! अरे, तू पण मरशील! गॅस आहे आत!"

सासूबाईंच्या समोर मी कधी नवऱ्याला अरेतुरे केलं नव्हतं. त्या गोठ्याच्या दारात उभ्या होत्या, हे मला नंतर कळलं.

"सोड म्हणतो ना! माझा भाऊ आहे तो!"

त्याने मला झटकलं. माझं डोकं कट्ट्याच्या विटेवर आपटलं. मी त्याच्या हाताला नखं रुतवली. आयुष्यात मी कुणाला इतक्या जोराने धरलेलं नाही. तेवढ्यात जाऊ आली. तिने आत पाहिलं, किंचाळली, आणि मग आम्हाला पाहिलं.

"सोडा त्येंला!" ती माझे हात सोडवायला लागली. "तिकडं माझा मानूस मरतोय अन् तुमी दादांना धरून बसलाय! सोडा!"

माझ्यापेक्षा वयाने ती लहान. माझ्या मुलाच्या वेळी तिने माझं बाळंतपण केलेलं. तिच्या तोंडाकडे मला बघवत नव्हतं. मी डोळे मिटून घेतले आणि हात सोडले नाहीत. मनात एकच होतं. दीर गेले, तर मीच त्यांना मारलं असं होईल. या घरात, या गावात, मरेपर्यंत. आणि मी नवऱ्याला सोडलं, तर दोघे जातील. दोन्हीकडचं मला दिसत होतं, आणि मी धरूनच राहिले. हे धाडस होतं असं कुणी म्हणालं तर मी लाजते. ती भीती होती, दुसरं काही नाही.

"गळ आणा," मी ओरडले. "बादली काढायचा गळ! आणि दोर! आत कुणी उतरायचं नाही!"

हे कोणी ऐकलं असेल, तर ते सासूबाईंनी. त्या वयात त्या पळत गेल्या आणि पिण्याच्या विहिरीवरचा गळ दोरासकट घेऊन आल्या. लोखंडी आकड्यांचा तो झुबका त्यांनी माझ्या नवऱ्याच्या पुढ्यात टाकला आणि म्हणाल्या, "एक तर गेलाय आत. दुसरा मी देनार न्हाई. वरून काढ त्याला."

आईचं ऐकून त्याच्या अंगातला जोर एकदम उतरला. तो कट्ट्यावर पालथा पडला आणि गळ आत सोडू लागला. मी त्याच्या पायांवर बसले. तो आत घसरू नये म्हणून बसले, असं मी तेव्हा म्हटलं. खरं म्हणजे तो पुन्हा शिडीकडे जाईल याची मला भीती होती.

शेजारच्या मळ्यात डाळिंबाला फवारणी चालली होती. आरडाओरडा ऐकून तो शेजारी पाठीवरच्या फवारणीच्या ब्लोअरसकटच पळत आला. त्याने आत डोकावलं, आणि त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, औषधाचा कॉक बंद करून ब्लोअरची नळी आत धरली आणि मशीन पूर्ण सोडलं. सुसाट वारा खड्ड्यात घुसला. गाळाचे शिंतोडे वर उडाले. दिरांच्या कपाळावरचे केस हलायला लागले. ते हलणारे केस पाहून जाऊ म्हणाली, "हलले! हलले ते!" कुणी तिला सांगितलं नाही की तो वारा आहे.

पेट्रोलवर चालणारं ते मशीन. एखादी ठिणगी पडून भडका उडाला असता तर, हे आम्हाला खूप नंतर एका जाणत्या माणसाने सांगितलं. तेव्हा आम्ही सगळे कट्ट्याला चिकटून उभे होतो.

गळ दोनदा शर्टाला अडकला आणि शर्ट फाटला. दिरांचं अंग एका कुशीवर कलायला लागलं. तोंड गाळाला टेकलं. नवरा रडत होता आणि शिव्या देत होता, गळाला, मला, शेणाला. मग आकडा पट्ट्यात अडकला. कमरेच्या चामडी पट्ट्यात, पाठीच्या बाजूला.

"ओढा!"

शेजारी, नवरा, जाऊ, मी, आणि मागे दोराचं टोक धरून सासूबाई. दीर मधोमध दुमडलेल्या पोत्यासारखे वर आले, डोकं आणि पाय खाली लोंबत. पट्टा तुटेल, या एका भीतीने मी तोंडाने नुसतं 'नको नको' म्हणत होते. तो तुटला नाही.

त्यांचे ओठ निळे पडले होते. आधी वाटलं, संपलं. जावेने बोटं घालून त्यांचं तोंड साफ केलं, पदराने नाक पुसलं, आणि तेव्हा त्यांच्या घशातून घोरल्यासारखा एक आवाज आला.

गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं, तोंडावर मास्क लावला, ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर बरोबर दिलं आणि म्हणाले, "इथं थांबू नका. नगरला न्या." ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. शेजाऱ्याची गाडी त्याचा मुलगा घेऊन गेलेला. राहिली आमची.

नवऱ्याने गाडी सुरू केली आणि समोरचा बॅटरीचा आकडा पाहिला. मीही पाहिला. घोडेगावपर्यंत तर नक्की, पुढे घाट. वाटेत बंद पडली तर? पेट्रोलच्या गाडीत कुणीतरी बाटली आणून ओतेल. हिच्यात काय ओतायचं? त्याने एसी बंद केला. काचा खाली केल्या. मग म्हणाला, "काचा बंद करा, वाऱ्याने जास्त खाते." त्या उन्हात आम्ही काचा लावून बसलो. दिरांचं डोकं माझ्या मांडीवर, पाय जावेच्या मांडीवर, मध्ये सिलिंडर. गाडीभर तो सडका वास. सासूबाई पुढे, हात जोडून.

गाडी घेताना तिचा आवाज येत नाही याचं आम्हाला किती कौतुक होतं! त्या दिवशी इंजिनचा आवाज असता तर बरं झालं असतं. कारण त्या शांततेत त्यांचा प्रत्येक श्वास ऐकू येत होता. घरघर आत जाई, घरघर बाहेर येई, आणि मग काहीच नसे. त्या 'काहीच नसे' मध्ये जाऊ माझ्याकडे बघायची. मी त्यांच्या छातीवर हात ठेवायची. पुन्हा घरघर सुरू झाली की आम्ही दोघी श्वास सोडायचो. तिने माझ्याकडे रागाने बघितलं असतं तरी चाललं असतं. ती नुसती घाबरून बघत होती, लहान मुलीसारखी.

इमामपूरचा घाट चढताना आकडा भराभर उतरला. नवऱ्याने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की त्याच्या हातावर माझ्या नखांच्या खुणा लालबुंद फुगून आल्या होत्या. त्या मला मागच्या सीटवरून दिसत होत्या. जेऊर गेलं. गाडीने बारीक आवाजात सूचना द्यायला सुरुवात केली, चार्ज करा, चार्ज करा. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनतीय गाडी?" नवरा म्हणाला, "काही नाही आई. नगर आलं म्हणतीय."

आम्ही पोहोचलो. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं, त्यांना आत नेलं, आणि नवरा गाडीतच बसून राहिला. मी काचेवर टकटक केली तरी त्याला उतरता येईना.

पुढचे दिवस अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर गेले. फुप्फुसात गाळ गेला होता. डॉक्टर सांगायचे ते आम्ही एकमेकांना पुन्हा सांगायचो, जणू दुसऱ्याला जास्त कळलं असेल. जाऊ माझ्या शेजारी बसायची, पण माझ्याशी बोलायची नाही. मी डबा उघडून पुढे करायची, ती खायची. एवढंच.

शेवटी श्वासासाठी घशात घातलेली नळी काढली आणि दिरांनी डोळे उघडले. त्यांना काही आठवत नव्हतं. शिडी लावल्याचं आठवत होतं, पुढचं कोरं. घोगऱ्या आवाजात ते पहिल्यांदा म्हणाले, "गाळ निघाला का सगळा?" जाऊ त्यावर हसली आणि हसता हसता तिला असं रडू फुटलं की नर्सने तिला बाहेर आणून बसवलं. तेव्हा तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"वहिनी, त्या वक्ताला तुमी दादांना सोडलं असतं ना, तर मला बरं वाटलं असतं," ती म्हणाली. "आता इचार केला की अंगावर काटा येतो. दोगं गेलं असतं. अन् मला बरं वाटलं असतं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दीर घरी आले, पण महिनोन् महिने त्यांना गोठ्यापर्यंत चालतानाही दम लागायचा. वासाची जाणीव अजून पूर्ण परत आलेली नाही. दूध करपलं तरी कळत नाही. सासूबाईंनी विहीर मुरमाने बुजवून घेतली. ट्रॉल्या रिकाम्या होईपर्यंत त्या उन्हात तिथेच उभ्या होत्या. मला वाटलं, गोबर गॅस हा शब्दही आता या घरात निघणार नाही. पण पुढच्याच हिवाळ्यात दिरांनी नवा बसवला. आता खड्डा नाही, जमिनीवर पसरलेली जाड रबरी पिशवी आहे, त्यात उतरायचा प्रश्नच येत नाही. "शेन काय वाया घालवायचं का?" ते मला म्हणाले. "चूक शेनाची न्हाई." मला ते पटतं. तरीही जाऊ शेगडी पेटवायला लागली की मी काहीतरी निमित्त काढून ओसरीवर येते. तिला ते माहीत आहे.

नवरा आणि मी त्या सकाळबद्दल बरेच दिवस बोललो नाही. हातावरच्या खुणा गेल्या. तो माझ्याशी नीट वागत होता, जरा जास्तच नीट. मला त्याचीच भीती वाटायला लागली. एका रविवारी आम्ही गच्चीवर सोलरची पॅनेल धूत होतो. मी पाइप धरला होता, तो फडकं फिरवत होता. पाठमोराच तो म्हणाला,

"मला अजून तुझा राग येतो."

मी पाइप बाजूला धरला.

"तो वाचला. मीही वाचलो. तू बरोबर होतीस, सगळं मान्य आहे. पण मी त्याला खाली बसलेला बघत होतो, आणि तू मला जाऊ देत नव्हतीस. ते जात नाही डोक्यातून."

"मलाही तुझी भीती वाटते," मी म्हणाले. "पुन्हा कधी असं झालं तर तू जाशीलच, हे मला माहीत आहे."

"जाईन," तो म्हणाला.

"आणि मी धरीन."

त्याने फडकं पिळलं. पॅनेलवरून गढूळ पाणी ओघळत होतं, खाली रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. थोड्या वेळाने त्याने माझ्या हातातून पाइप घेतला आणि मला सावलीत बसायला सांगितलं. ऊन फार झालं होतं. मी बसले आणि राहिलेली पॅनेल धुऊन होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.